घागरींच्या खाली टोपल्या

अमेरिकेतल्या यूटाच्या आग्नेय भागात लाल वालुकाश्माच्या खोल घळी आहेत. डिसेंबर १८९३ मध्ये रिचर्ड वेदरिल हा गुरं राखणारा गडी तिथल्या एका कपारीत खणत होता. वरच्या थरात कडेकपारीत घरं बांधणाऱ्या लोकांची खापरं होती. त्याखाली पुरलेले सांगाडे निघाले, ९० च्या आसपास. सोबत टोपल्या आणि युक्का या वाळवंटी झाडाच्या तंतूंच्या चपला होत्या, पण खापराचा एक तुकडा नाही.

कवट्याही निराळ्या होत्या. वरच्या लोकांच्या कवट्या मागून चपट्या, कारण तान्ह्या बाळाला कडक फळीवर बांधत. खालच्यांच्या लांबट, नैसर्गिक आकाराच्या. (मोहरीची उशी घेणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.) त्या काळी हा वंशाचा फरक मानला गेला, खरं तर फरक पाळण्याचा होता.

‘खाली ते जुनं’ हे म्हणायला सोपं. कोरड्या कपारीत वाळूचा काप उभा राहत नाही, वरचा माल ढासळून खाली मिसळतो. पॅकरॅट जातीचे उंदीर बिळांत वस्तू ओढून नेतात. त्यातून खालच्या लोकांनी मक्यासाठी दगडी लाद्या लावून केलेले खड्डे पुढे थडगी म्हणून वापरलेले. म्हणजे खड्ड्यातली वस्तू तिच्या शेजारच्या मातीइतकीच जुनी असेल, याची खात्री नाही.

म्हणून नोंद महत्त्वाची. दोन वर्षांपूर्वी कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डे इथे नॉर्डेनशेल्ड या स्वीडिश अभ्यासकाकडून वेदरिल फावड्याऐवजी थापी वापरायला शिकला होता. या मोहिमेसाठी त्याने स्वतः पद्धत ठरवली: हात लावण्याआधी फोटो, चौकटीच्या कागदावर नकाशा, प्रत्येक वस्तूवर शाईने क्रमांक, सापडल्याची खोली. त्या काळी बऱ्याच पदवीधरांनाही एवढी शिस्त नव्हती. तरी खालचे हे ‘बास्केटमेकर’, म्हणजे टोपल्या विणणारे, वेगळे आणि जुने लोक होते यावर विद्वानांचा विश्वास बसायला वेळ लागला. १९१४ नंतर किडर आणि गर्न्सी या पुरातत्त्वज्ञांना ॲरिझोनात तसेच पुरावे मिळाले, तेव्हा कुठे शंका फिटली.

एक मात्र बिनसलं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात या कपारीचा, म्हणजे ‘गुहा ७’चा माल ग्रँड गल्च घळीच्या नावावर चढला. प्रत्यक्षात ती कपार दुसऱ्याच घळीत होती. जुन्या फोटोंतल्या खडकांच्या रेषा जुळवत हौशी शोधकांनी ती १९९० मध्ये पुन्हा हुडकली. सांगाड्यांत घुसलेल्या भाल्यांच्या टोकांवरून वेदरिलने सगळे एकाच हल्ल्यात मेले असं मानलं होतं. पुढे हाडांचं कार्बन-कालमापन झालं, तेव्हा सगळे एकाच वेळी मेले नव्हते, असं निघालं.