पेनसिल्व्हेनियाचा ॲटर्नी जनरल आणि वकिलीची सनद

पेनसिल्व्हेनियात अध्यक्षपदासाठी मतदान होतं त्याच दिवशी ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य कायदा अधिकारीही निवडला जातो. अमेरिकेतल्या ४३ राज्यांत हे पद लोकांच्या मतांवर ठरतं. ‘महाधिवक्ता’ हा आपला शब्द इथे वापरला की घोटाळा होतो. महाधिवक्त्याला राज्यपाल नेमतात. पेनसिल्व्हेनियाचा ॲटर्नी जनरल प्रचार करून निवडून येतो, त्याच्याकडे स्वतःचे तपास अधिकारी असतात आणि तो गव्हर्नरच्या विरोधी पक्षाचाही असू शकतो.

पूर्वी तिथेही गव्हर्नरच नेमणूक करायचा. १९७८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १९८० मध्ये पहिली निवडणूक झाली. गव्हर्नरसाठी जनरल कौन्सेल, म्हणजे कायदेशीर सल्लागार, हे वेगळं कार्यालय उभं राहिलं. नव्या कायद्याने ॲटर्नी जनरलच्या हाताला लगामही घातला: गुन्हेगारी खटले मुख्यतः ६७ काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) जिल्हा वकिलांकडेच, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलांकडेच राहिले. कायद्यात लिहिलेत तेवढेच अधिकार त्याला आहेत, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केलं.

पहिल्या आठही निवडणुका रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या. त्यातल्या एका ॲटर्नी जनरलने १९९५ मध्ये गुन्हा कबूल करून पद सोडलं. तरी खरी कसोटी लागली ती २०१२ नंतर. त्या वर्षी प्रथमच डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार जिंकला, आणि या पदावर निवडून आलेली ती पहिली स्त्री होती. ग्रँड ज्युरीची (खटला भरण्याआधी गुप्तपणे पुरावे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची) गोपनीय माहिती एका वृत्तपत्राकडे फोडली आणि त्याबद्दल शपथेवर खोटं सांगितलं, असे आरोप तिच्यावर ऑगस्ट २०१५ मध्ये ठेवले गेले. सहकाऱ्यांचे अश्लील ईमेल आपण उघड केले, त्याचा हा सूड आहे, असं तिचं म्हणणं होतं.

गुंता झाला तो सनदेवरून. ॲटर्नी जनरल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बारचा, म्हणजे तिथल्या सनदी वकिलांच्या समूहाचा सदस्य असला पाहिजे, असं राज्यघटना सांगते. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने तिची सनद तात्पुरती निलंबित केली, आणि या आदेशाचा अर्थ पदावरून हटवणं असा काढू नये, असंही त्यातच लिहिलं. मग निलंबित वकील बारचा सदस्य असतो का? सनद रद्द झालेली नाही म्हणून असतो, असं एक बाजू म्हणे. सही करून खटला दाखल करता येत नाही तो सदस्य कसला, असं दुसरी. आपलं बहुतेक काम प्रशासकीय आहे, असं सांगत ती खुर्चीवर राहिली आणि कायदेशीर निर्णय दुय्यम अधिकारी घेऊ लागले. मार्च २०१६ मध्ये तर त्या कार्यालयात सॉलिसिटर जनरल असं नवं पदच निर्माण करण्यात आलं. राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याला वकिली करता येत नाही, ही स्थिती ऑक्टोबर २०१५ पासून जवळपास दहा महिने टिकली. मला ती मतदारांवर अन्याय करणारी वाटते.

घटनेत एक क्वचितच वापरलेली वाट होती: राज्याच्या सेनेटच्या दोन तृतीयांश सदस्यांनी सांगितलं तर गव्हर्नर निवडून आलेल्या अधिकाऱ्याला हटवू शकतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये सेनेटने ती चोखाळून पाहिली. २९ विरुद्ध १९ मतं पडली. बहुमत होतं, दोन तृतीयांश नव्हते. शेवटी ऑगस्टमध्ये ज्युरीने तिला दोषी ठरवलं आणि दोन दिवसांत तिने राजीनामा दिला. त्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत ती उभी नव्हतीच; कार्यालयाची पत सावरणं हाच प्रचाराचा मुद्दा झाला.

तेव्हा जिंकलेला डेमोक्रॅट २०२० मध्ये पुन्हा निवडून आला आणि २०२३ मध्ये गव्हर्नर झाला. उरलेल्या मुदतीसाठी त्याने नेमलेल्या अधिकारी स्वतः निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. २०२४ मध्ये यॉर्क काउंटीच्या रिपब्लिकन जिल्हा वकिलाने हे पद जिंकलं. बारच्या सदस्यत्वाची अट घटनेत कायम आहे. निलंबित वकील त्या अटीत बसतो का, हे २०१६ च्या राजीनाम्यामुळे ठरायचं राहून गेलं.