सुपरहिरो कथांतील शोक, आघात आणि सावरणे

सुपरहिरोच्या कथेत बहुधा आधी कुणीतरी दगावते आणि मग नायक उभा राहतो. १९३८ च्या सुपरमॅनचा जन्मग्रहच नष्ट होतो. बॅटमॅन १९३९ च्या मेच्या अंकात अवतरला. लहानपणी डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झाला म्हणून तो रात्री हिंडतो, हे मात्र वाचकांना नोव्हेंबरच्या अंकात कळले. म्हणजे दुःख मागाहून जोडले गेले आणि पुढे तेच या पात्राची ओळख झाले. १९६२ च्या स्पायडरमॅनला दुःखाच्या जोडीला बोचही आहे. ‘मला काय त्याचे’ म्हणून त्याने सोडून दिलेला चोरच पुढे बेनकाकांचा जीव घेतो.

मराठी वाचकांत हा साचा रुजवला तो इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाने. समुद्री चाच्यांनी बाप मारला, मुलाने मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो. त्या घराण्यात सुतक पाळायला कुणाला सवड मिळालेली दिसत नाही. राज कॉमिक्सचा ध्रुव (१९८७) सर्कशीच्या आगीत आईवडील गमावतो, पण त्याला पोलीस अधिकाऱ्याचे घर आणि एक बहीण मिळते. सावरायला चार माणसे लागतात, हे या कथेने ओळखले आहे.

पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे उरणारा मानसिक ताणाचा विकार, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली आला. मोठ्या पडद्यावरच्या सुपरहिरोपर्यंत तो पोचायला बराच काळ गेला. ‘आयर्न मॅन ३’ (२०१३) मध्ये टोनी स्टार्क हॉटेलात मुलांच्या चित्रावर सही करत असतो. आधीच्या चित्रपटातल्या न्यूयॉर्कच्या लढाईचा विषय निघतो, हातातला खडू मोडतो आणि तो धडपडत बाहेर येऊन चिलखतात शिरतो. हृदय तपास, मेंदू तपास, विषबाधा तर नाही ना, असे यंत्राला विचारत सुटतो. यंत्र सांगते, हा घाबरण्याचा तीव्र झटका आहे. ते त्याला पटतच नाही. या प्रकारातला हा सर्वांत खरा प्रसंग म्हणावा लागेल, कारण इथे ठोसा मारायला समोर कुणी नाही.

‘अव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) मध्ये कॅप्टन अमेरिका शोकग्रस्तांच्या छोट्या गटाचे ऐकून घेतो, हे चांगलेच. पण त्याच चित्रपटात खचून दारूत बुडालेल्या थॉरच्या सुटलेल्या पोटावर विनोद केले आहेत. ‘वांडाव्हिजन’ (२०२१) जास्त धीट आहे: वांडा आपला मेलेला जोडीदार परत मिळवण्यासाठी अख्खे गाव वेठीस धरते आणि तिचे दुःख गावकऱ्यांना स्वप्नात छळते. शेवटी मात्र तिला फारच स्वस्तात सोडले आहे.

सोलापूरकराला तुलनेसाठी लांब जावे लागत नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची कथा तिथल्या गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी निघते. गुरे राखणारा मुलगा शेतात आलेल्या मल्लय्याला (म्हणजे वेषांतर केलेल्या मल्लिकार्जुनाला, शिवाला) हुरडा देतो, मल्लय्या दहीभात मागतो. मुलगा घरून घेऊन येतो तो मल्लय्या नाहीसा झालेला. हाका मारत तो श्रीशैलपर्यंत जातो आणि दरीत उडी घ्यायला निघतो, तेव्हा मल्लिकार्जुन त्याला सावरतो आणि गावी परत धाडतो. परत आल्यावर तो तळे खोदून घेतो, अडुसष्ट लिंगे स्थापतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, आठवण व शोक, आणि लोकांशी पुन्हा जोडले जाणे. वेताळाची शपथ तिसऱ्या टप्प्याला पोचत नाही, तळे पोचते.

याच शहरातले दुसरे दुःख सुपरहिरोच्या साच्यात बसणार नाही. ‘जुनी मिल’ नावाची कापडगिरणी बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णू गिरणीही. घरे विस्कटली, पण पकडून द्यावा असा एकच खलनायक कुणाला दाखवता येईना. असे बिनआरोपीचे दुःख या कथा क्वचितच हाताळतात. अपवाद ‘ब्लॅक पँथर: वाकांडा फॉरएव्हर’ (२०२२) चा. नायकाचे काम करणारा चॅडविक बोझमन २०२० मध्ये वारला, म्हणून चित्रपटातही राजा टी’चाला आजारानेच जातो. बहीण शुरी स्वतःला प्रयोगशाळेत गाडून घेते आणि शोकवस्त्रे जाळायचे टाळत राहते. तरी मधल्या दोन तासांसाठी तिच्यापुढे एक शत्रू आणून उभा केलाच आहे.