मिनिमम बॅलन्सचा दंड वेगळा, हप्ता बाउन्सचा वेगळा

खात्यातून ५९० रुपये गेले की लगेच “मिनिमम बॅलन्स ठेवला नाही म्हणून कापले” असं ठोकून द्यायची पद्धत पडली आहे. मग माणूस काउंटरवर जाऊन “आधी कळवल्याशिवाय दंड लावता येत नाही” हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऐकवतो आणि तोंडघशी पडतो, कारण तो नियम त्या ५९० रुपयांना लागूच नसतो. आधी पासबुक किंवा स्टेटमेंटमधली ती ओळ वाचा. एएमबी, एमएबी (दोन्हींचा अर्थ महिन्याची सरासरी शिल्लक) किंवा मिनिमम बॅलन्स असं काही असेल तर तो किमान शिलकीचा दंड. एसीएच, एनएसीएच, ईसीएस (हप्ते खात्यातून आपोआप वळते करण्याच्या यंत्रणा) आणि त्यापुढे रिटर्न किंवा आरटीएन असेल तर तुमचा हप्ता परत गेला आहे. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो, साम्य तिथेच संपतं.

मिनिमम बॅलन्स म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं. तो मोजतात कसा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि घोळ तिथेच होतो. किमान शिल्लक ही सरासरी असते. रोज रात्री दिवस बंद होताना खात्यात जे उरतं त्याची महिनाभराची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचं (काही बँका तिमाहीची सरासरी धरतात). १० हजारांची अट आणि ३० दिवसांचा महिना असेल तर बेरीज ३ लाख व्हायला हवी. २० दिवस ४ हजार पडून असतील तर ८० हजार झाले. उरलेल्या २ लाख २० हजारांसाठी पुढचे १० दिवस रोज २२ हजार ठेवावे लागतील. महिनाभर ४ हजारच ठेवून शेवटच्या तारखेला धावतपळत ६ हजार भरून आकडा १० हजारांवर नेणाऱ्याची सरासरी भरते ४,२००. दंड लागतोच, वर “मी भरले होते की!” हे भांडणही होतं. उलट, एका रात्री खात्यात ३ लाख राहिले आणि बाकी महिनाभर शून्य असलं, तरी अट पूर्ण होते.

बाउन्सला सरासरीशी काही देणंघेणं नाही. तिथे फक्त एक क्षण बघितला जातो: कर्ज देणाऱ्याने हप्ता मागितला तेव्हा खात्यात तेवढे पैसे होते की नव्हते. महिन्याची सरासरी ४० हजार आहे, पण ५ तारखेला सकाळी ११,८०० आहेत आणि हप्ता १२ हजारांचा आहे, तर तो आख्खा परत जातो. आहे तेवढं घेतलं आणि २०० उधार ठेवले, असं होत नाही. दुपारी पगार जमा झाला तरी सकाळचा रिटर्न पुसला जात नाही. म्हणून हप्त्याची रक्कम आदल्या रात्रीच खात्यात हवी. आणि “रविवार आहे, सोमवारी बघू” हे विसरा. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच आठवड्याचे सातही दिवस चालतं, गणपतीच्या सुट्टीतसुद्धा.

आकारणीही वेगळी. मिनिमम बॅलन्सचा दंड किती कमी पडलं त्याच्या प्रमाणात असावा लागतो. वरच्या उदाहरणात तूट ५,८०० रुपयांची. बँकेचा दर ६ टक्के धरला तर दंड ३४८, जीएसटीसह सुमारे ४११. बाउन्सचं शुल्क दर परतीमागे ठरलेलं असतं. २०० रुपये कमी पडले काय किंवा १० हजार, ५०० अधिक जीएसटी म्हणजे तेच ५९०. शिवाय हे फक्त तुमच्या बँकेचं. कर्ज देणारी कंपनी स्वतःचं बाउन्स शुल्क आणि उशिराचा दंड वेगळा लावते, आणि तोच हप्ता चार दिवसांनी पुन्हा पाठवून तो पुन्हा परत गेला तर तुमची बँक पुन्हा कापते. एका हप्त्यासाठी दोनदा पैसे गेले तर कंपनीला विचारा, बँकेच्या काउंटरवरच्या ताईंवर आवाज चढवून उपयोग नाही.

आता तो बहुचर्चित नियम. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे, १ एप्रिल २०१५ पासून बँकेने शिल्लक कमी झाल्याचं एसएमएस, ईमेल किंवा पत्राने आधी कळवायचं. कळवल्यापासून महिन्याभरात शिल्लक पूर्ववत झाली नाही तरच दंड लावायचा. आणि केवळ या दंडामुळे बचत खातं मायनसमध्ये जाता कामा नये. हे संरक्षण मिनिमम बॅलन्सच्या दंडापुरतंच आहे. बाउन्सच्या शुल्कासाठी हे परिपत्रक फडकवू नका, अर्जाचं वजनच जातं. मायनस दिसत असेल तर कोणत्या नोंदीने शिल्लक शून्याखाली गेली ते स्टेटमेंटवर बोट ठेवून शोधा. ती नोंद एमएबीची असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

म्हणून अर्जही दोन तऱ्हेचे. मिनिमम बॅलन्ससाठी विचारा: सूचना कोणत्या तारखेला, कशाने पाठवली, आणि सरासरी कशी काढली. बाउन्ससाठी विचारा: हप्ता किती वाजता आला, तेव्हा शिल्लक किती होती, परतीचं कारण काय नोंदवलं. कारण अपुरी शिल्लक नसून मँडेटमधली (हप्ता कापायला तुम्ही बँकेला दिलेल्या परवानगीतली) चूक असेल, तर पैसे परत मागायला जागा आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा, फी नाही.

स्टेट बँकेने २०२० मध्ये आणि कॅनरा बँक, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा यांनी २०२५ मध्ये साध्या बचत खात्यांवरचा किमान शिलकीचा दंड काढून टाकला. त्यामुळे “झिरो बॅलन्स आहे, आता काही कापत नाहीत” असं समजून लोक हप्त्याचं खातं रिकामं ठेवतात. बाउन्सचं शुल्क कुठेही गेलेलं नाही. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीतही (ठरावीक तारखेला आपोआप कापल्या जाणाऱ्या गुंतवणुकीतही) तेच: फंड कंपनी सहसा दंड लावत नाही, तुमची बँक मात्र सोडत नाही. पैसे नसतील त्या महिन्यात एसआयपी आधीच थांबवून ठेवावी.

मुंबईकरांच्या दोन खास चुका. नोकरी बदलली की जुन्या पगार खात्यात पगार येणं थांबतं, काही महिन्यांत बँक ते साधं बचत खातं करते आणि अट गुपचूप लागू होते. असं खातं बंदच करावं, तीन-तीन खाती बाळगण्यात शहाणपण नाही. दुसरी चूक म्हणजे देवगडच्या शाखेतलं खातं हौसेने दादरला ट्रान्सफर करणं. किमान शिल्लक खातं ज्या शाखेत आहे तिच्यावरून ठरते, तुम्ही राहता कुठे यावरून नाही. दंड लावणाऱ्या बँकांत गावच्या शाखेची अट महानगरापेक्षा बरीच कमी असते, आणि पैसे तर मोबाइलवरून कुठूनही हलवता येतात.