पेट्यांमधून सुटलेलं नेटवर्क

ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात एक तांत्रिक परिषद भरली होती. तिथे जगातल्या १३ टेलिकॉम कंपन्यांनी एकत्र सही केलेला एक निबंध मांडला. एटी अँड टी, व्हेरायझन, ब्रिटिश टेलिकॉम, डॉइच टेलिकॉम, चायना मोबाइल, जपानची एनटीटी अशी त्यातली नावं. एरवी एकमेकींना हिशेबात न धरणाऱ्या कंपन्या एका गाऱ्हाण्यावर एक झाल्या होत्या. नेटवर्कमधल्या प्रत्येक कामाला वेगळी, त्या-त्या उत्पादकाचीच पेटी विकत घ्यावी लागते, आणि हे आता परवडत नाही, असं ते गाऱ्हाणं होतं.

ग्राहक कोण हे ओळखणारी एक पेटी, त्याचा डेटा इंटरनेटपर्यंत नेणारी दुसरी, कॉल जोडणारी तिसरी, नको ती वाहतूक अडवणाऱ्या फायरवॉलची चौथी. प्रत्येकीचं हार्डवेअर वेगळं, आतलं सॉफ्टवेअर त्याच हार्डवेअरला जखडलेलं. नवी सेवा आणायची तर नवी पेटी मागवा, एक्स्चेंजमध्ये जागा करा, वीज आणि एसी वाढवा, माणसं पाठवा. यात कित्येक महिने जायचे. मागणी मात्र थांबत नव्हती. आयफोन आल्यावर, २००७ ते २०१५ या काळात, आपल्या मोबाइल नेटवर्कवरचा डेटा दीड लाख टक्क्यांहून जास्त वाढला, असं एटी अँड टीने जाहीर केलं. म्हणजे दीड हजार पटींहून अधिक. मिळकत काही त्या पटीत वाढत नव्हती.

उपाय संगणकाच्या जगात तयारच होता. बाजारात मिळणारे साधे सर्व्हर घ्यायचे आणि पेटीतलं काम सॉफ्टवेअर म्हणून त्यांच्यावर चालवायचं. एका सर्व्हरवर हायपरवायझर नावाचा सॉफ्टवेअरचा थर बसवला की त्यावर अनेक आभासी यंत्रं नांदतात. एकाच वाड्यात अनेक बिऱ्हाडं राहावीत तशी, प्रत्येकाची चूल वेगळी आणि एकाचा पसारा दुसऱ्याच्या खोलीत नाही. काम वाढलं की आणखी एक यंत्र सुरू करायचं, कमी झालं की बंद करायचं. याला नेटवर्क फंक्शन व्हर्च्युअलायझेशन, म्हणजेच एनएफव्ही, म्हणतात. त्याचे नियम ठरवायला युरोपातल्या एट्सी या मानक-संस्थेत लगेच एक गट स्थापन झाला.

पण साध्या सर्व्हरला हे झेपेल का, ही शंका मुळीच भाबडी नव्हती. सेकंदाला १० गिगाबिट वाहणाऱ्या एका जोडणीवर सगळ्यात लहान आकाराची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, येत असतील, तर सेकंदाला जवळजवळ १ कोटी ४९ लाख पॅकेट येतात. म्हणजे एका पॅकेटसाठी फक्त ६७ नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात सुमारे २०० ठोके मिळतात. मेमरीतून एखादी गोष्ट शोधून आणण्यातच कधी कधी हा सगळा वेळ संपतो. नेहमीची ऑपरेटिंग सिस्टिम तर पॅकेट आलं की प्रोसेसरचं हातातलं काम थांबवते, पॅकेटची नक्कल करते, मग ते पुढे देते. अशाने लाखो पॅकेट जागीच गळतात.

यातून वाट निघाली ती डीपीडीके नावाच्या सॉफ्टवेअर-संचाने. त्याची सुरुवात इंटेलमध्ये झाली. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला ठेवून प्रोग्राम थेट नेटवर्क कार्डाशी बोलतो. प्रोसेसरचे काही गाभे, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे त्याचे भाग (कोअर), याच कामाला वाहून दिले जातात. ते हाकेची वाट न पाहता ‘काही आलं का’ हे सतत तपासत राहतात आणि पॅकेटं एकेक न उचलता जथ्याने उचलतात. पण पहाटे तीन वाजता, नेटवर्कवर कुणी नसतानाही, हे गाभे शंभर टक्के राबत असतात. वीज वाचेल म्हणून केलेल्या बदलात वीज अशी जळते. हा हिशेब सुरुवातीच्या उत्साहात फार कमी जणांनी मांडला होता, आणि आता त्यावर खरोखर चांगलं काम होतं आहे.

पहिली काही वर्षं रखडतच गेली, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात नव्हतं. पुष्कळ उत्पादकांनी पेटीतलं जुनं सॉफ्टवेअर जसंच्या तसं उचलून आभासी यंत्रात ठेवलं. एका कंपनीचं सॉफ्टवेअर दुसरीच्या थरावर बसवताना महिनोनमहिने चाचण्या होत. बिघाड झाला तर जबाबदारी कुणाची, हे ठरेना. माझ्या मते खरी अडचण माणसांची होती. पेट्या विकत घेण्यात आणि बसवण्यात मुरलेल्या कंपनीला सॉफ्टवेअर लिहायला आणि पारखायला शिकायचं होतं. एटी अँड टीने ते मनावर घेतलं. २०२० पर्यंत नेटवर्कच्या गाभ्यातली, म्हणजे मधल्या मुख्य भागातली, ७५ टक्के कामं आभासी करायची, असं जाहीर उद्दिष्ट ठेवून त्यांनी ते गाठलं. त्यासाठी लिहिलेली नियंत्रण-प्रणाली २०१७ मध्ये लिनक्स फाउंडेशनला देऊन सगळ्यांना खुली केली.

खरा कलाटणीचा क्षण २०१८ चा. त्या वर्षी ५जीच्या गाभ्याचं जे मानक ठरलं, त्यात पेटी ही कल्पनाच उरली नाही. वेबसाइटमागचे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तशीच नेटवर्कमधली कामं एकमेकांशी बोलतात. पूर्ण आभासी यंत्राऐवजी हलके कंटेनर, म्हणजे स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम न बाळगणारे कप्पे, पुरतात. तेव्हापासून नवा गाभा विकत घेणारी कंपनी सॉफ्टवेअरच विकत घेते. म्हणूनच एनएफव्हीच्या बाजाराच्या वाढीचे चढते आलेख पाहताना एक तपासावं. कुणी त्यात फक्त सॉफ्टवेअर धरतं, कुणी सर्व्हर आणि सेवाही धरतं, आणि त्यामुळे आकडे कितीतरी बदलतात.

कोण लवकर वळलं हे पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. ज्यांच्या पाठीवर २जी-३जीचं जुनं ओझं नव्हतं ते पुढे गेले. नवी मुंबईतून कारभार चालवणाऱ्या जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये थेट ४जीपासून सुरुवात केली. कॉलसुद्धा डेटा म्हणूनच जात होते. पुढे २०२२ मध्ये ५जी आणताना त्यांनी स्वतःच विकसित केलेला गाभा वापरला. जिओत काम केलेले तारिक अमीन नंतर जपानच्या राकुतेन मोबाइलचे तंत्रप्रमुख झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये राकुतेनने टॉवरपासून गाभ्यापर्यंत आभासी असलेलं नेटवर्क सुरू केलं. तंत्र चाललं. पण टॉवर उभारायचा खर्च आणि जिथे टॉवर नाहीत तिथे दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क वापरायचं भाडं सॉफ्टवेअरने थोडंच सुटतं? २०२२ मध्ये राकुतेन समूहाचा तोटा ३७ हजार कोटी येनपर्यंत गेला. अमेरिकेत डिशने अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर ५जी उभारलं. तिची मालक कंपनी इकोस्टार हिने २०२५ मध्ये सुमारे २,३०० कोटी डॉलरचा स्पेक्ट्रम एटी अँड टीला विकायचा करार केला. स्वस्त नेटवर्क बांधता येणं आणि ग्राहक मिळवणं, ही दोन निराळी कामं आहेत.

टॉवरजवळचा भाग सगळ्यात शेवटी वळतो आहे, आणि इथे मात्र भौतिकशास्त्र आडवं येतं. ५जीमध्ये अनेकदा दर अर्ध्या मिलिसेकंदाला रेडिओचा नवा तुकडा तयार हवा असतो. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे हे काम करणारा सर्व्हर टॉवरपासून साधारण २० किलोमीटरच्या आतच असावा लागतो, दूरच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये नेता येत नाही. शिवाय त्रुटी दुरुस्त करण्याचं गणित इतकं जड आहे की त्यासाठी प्रवेगक, म्हणजे तेवढंच गणित झपाट्याने करणारी, चिप लावावी लागते.

एकसारखं सॉफ्टवेअर सगळीकडे असण्याचा धोकाही आहे. ६ डिसेंबर २०१८ ला नेटवर्क यंत्रणा बनवणाऱ्या एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि ब्रिटनमधल्या ओटू या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरच्या सुमारे ३ कोटी २० लाख ग्राहकांचा डेटा बंद पडला. त्याच दिवशी जपानमध्ये सॉफ्टबँकचं नेटवर्कही पडलं. पेटीच्या उत्पादकापासून सुटलं तरी परावलंबन नव्या जागी उगवतं. आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेल्यावर एटी अँड टीला २०२४ मध्ये सपोर्टच्या कराराच्या नूतनीकरणासाठी कोर्टात जावं लागलं. त्यांची सुमारे ७५ हजार आभासी यंत्रं त्या सॉफ्टवेअरवर उभी होती. तो वाद पुढे तडजोडीने मिटला.

आपल्याकडे यातली सगळ्यात मोठी कसोटी बीएसएनएलची आहे. तिचं देशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून देशाला अर्पण झालं. टॉवर सुमारे ९७,५००. गाभा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचा, टॉवरवरचे रेडिओ तेजस या कंपनीचे, आणि सगळं जुळवण्याचं काम टीसीएसचं. ज्या सी-डॉटने १९८० च्या दशकात एसीविना, धुळीत आणि उकाड्यात चालणारी खेड्यांसाठीची १२८ लाइनची एक्स्चेंजं घडवली, तीच आता सॉफ्टवेअर लिहिते आहे. हे नेटवर्क सॉफ्टवेअरवर आणि क्लाउडवर आधारलेलं असल्यामुळे ५जीकडे सहज जाता येईल, असं सरकारने सांगितलं आहे. तसं झालं तर एवढ्या टॉवरांवरची यंत्रणा नव्याने बदलावी लागणार नाही, आणि २०१२ च्या त्या १३ कंपन्यांनी मागितलं होतं ते हेच.