'एक्स्प्लेन मी' चूक, मग 'टेल मी' बरोबर कसं?

इंग्रजी शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये एक गोष्ट हमखास सांगतात. 'गिव्ह मी द बुक' म्हणा नाहीतर 'गिव्ह द बुक टू मी' म्हणा, अर्थ एकच. आणि पुढच्याच मिनिटाला सांगतात की 'टेल मी द आन्सर' चालतं पण 'एक्स्प्लेन मी द आन्सर' चालत नाही, का ते विचारू नका, इंग्रजीला लॉजिकच नाही, पाठ करा. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे आणि दुसरं तर साफ चूक. लॉजिक आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की भाषाशास्त्रात या एका वाक्यप्रकारावर कित्येक दशकं काम चालू आहे.

शाळेतलं व्याकरण थोडं आठवा. देणं, सांगणं, दाखवणं या क्रियापदांना दोन कर्मं लागतात, एक वस्तू आणि एक ती घेणारा. मराठीत घेणाऱ्याला 'ला' लागतो, म्हणून 'मी तिला पत्र दिलं' म्हणा की 'पत्र मी तिला दिलं', घोटाळा होत नाही. जुन्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते, पण ते हळूहळू झिजले आणि घेणारा ओळखायला दोनच खुणा उरल्या. एकतर त्याला क्रियापदाच्या लगेच नंतर ठेवायचं, किंवा 'टू', 'फॉर' असा छोटा शब्द लावायचा.

आता खरी गंमत. यातली पहिली रचना, म्हणजे दोन्ही कर्मं नुसती एकापुढे एक ठेवायची, ही रिकामी चौकट नाही. तिला स्वतःचा अर्थ आहे. कोणीतरी कोणालातरी काहीतरी मिळवून देतंय, असा.

पुरावा बघा. 'आय सेंट अ पार्सल टू लंडन' एकदम ठीक. 'आय सेंट लंडन अ पार्सल' म्हटलं की इंग्रजी माणूस थबकतो, आणि लंडन म्हणजे लंडनचं ऑफिस असं धरलं तरच त्याला ते पटतं. कारण शहर हे पोचायचं ठिकाण असतं, पार्सल हातात घ्यायला तिथे कोणीतरी माणूस किंवा संस्था लागते. 'टू'ला नुसतं ठिकाण पुरतं, चौकटीला घेणारा लागतो.

'बेक' घ्या. केक भाजण्यात देण्याघेण्याचा काही संबंध नाही, पण 'आय बेक्ड हर अ केक' म्हटलं की केक तिला मिळावा म्हणून केलाय हे आपोआप येतं. 'आय बेक्ड अ केक फॉर हर' मध्ये आणखी एक अर्थ बसू शकतो, ती दमली होती म्हणून तिच्याऐवजी मी भाजला आणि खाल्ला भलत्याच कोणी. चौकटीत हा दुसरा अर्थ बसतच नाही. तसंच 'ओपन मी अ बिअर' चालतं, 'ओपन मी द डोअर' नाही, कारण उघडलेली बिअर माझ्या हातात येते आणि उघडलेलं दार कोणाच्याच हातात येत नाही!

अडेल गोल्डबर्ग या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तर एक बनावट क्रियापदच घेतलं, 'टोपामेस', आणि लोकांना विचारलं की 'शी टोपामेस्ड हिम समथिंग' म्हणजे तिनं काय केलं असेल. शब्द कधी ऐकलेला नाही तरी निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, दिलं. शब्दाला अर्थ नव्हताच, म्हणजे 'दिलं' हे चौकटीतूनच आलं. (त्यांचं १९९५ चं पुस्तक याच विचारावर उभं आहे.)

मग 'एक्स्प्लेन'चं काय, समजावलेलं समोरच्याला मिळतंच ना? इथे दुसरी चाळणी लागते, आवाजाची. मूळची इंग्रजी क्रियापदं छोटी, बहुतेक एका अवयवाची (अवयव म्हणजे सिलेबल, शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) किंवा पहिल्या अवयवावर जोर असलेली, गिव्ह, टेल, शो, सेंड. लॅटिन-फ्रेंचमधून आलेली लांब क्रियापदं, एक्स्प्लेन, डोनेट, डेमॉन्स्ट्रेट, यांना ही चौकट सहसा मिळत नाही. बोलणाऱ्याला शब्दाचा इतिहास अर्थातच माहीत नसतो, त्याच्या कानाला फक्त जोर कळतो, म्हणून 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' लॅटिन मुळाचे असूनही पहिल्या अवयवावर जोर असल्यामुळे आत आले. अपवाद आहेत, 'असाइन' दुसऱ्या अवयवावर जोर घेऊनही चालतं.

तिसरी चाळणी अजून बारीक आहे, इथे जरा सावकाश वाचा. 'थ्रो मी द बॉक्स' चालतं, 'पुल मी द बॉक्स' बहुतेकांना खटकतं. फेकणं म्हणजे एकदाच झटका देऊन सोडून देणं, ओढणं म्हणजे शेवटपर्यंत जोर लावत राहणं, आणि स्टीव्हन पिंकर वगैरे भाषेच्या अभ्यासकांचं म्हणणं असं की इंग्रजी हे दोन वेगळे गट धरते आणि पहिल्यालाच चौकट देते. बोलण्याच्या क्रियापदांतही तेच. व्हिस्पर, शाउट, मंबल ही कशा आवाजात बोललो ते सांगतात, ती बाहेर. फॅक्स, ईमेल, टेक्स्ट ही कुठल्या साधनानं पाठवलं ते सांगतात, ती आत.

आता विचार करा, हे लहान मुलाला कोण शिकवतं? कोणीच नाही. भाषाशास्त्रज्ञ सी. एल. बेकर यांनी १९७९ मध्ये हाच प्रश्न मांडला: मूल 'गिव्ह', 'टेल', 'शो' ऐकून नियम बनवतं, मग 'एक्स्प्लेन'ला तो लावायचा नाही हे त्याला कसं कळतं, कारण न होणारी वाक्यं तर त्याच्या कानावर पडतच नाहीत. मुलं चुकतातही, 'आय सेड हर नो' असं बोललेलं नोंदवलेलं आहे, आणि नंतर कोणी न सुधारता ते थांबतं. एक पटणारं उत्तर असं की चौकट वापरता आली असती अशा प्रत्येक वेळी मुलाला 'एक्स्प्लेन इट टू मी' हेच ऐकू येतं, आणि हे पुन्हा पुन्हा झालं की दुसरी वाट आपोआप बंद होते.

म्हणूनच अमुक भाषा सर्वात शास्त्रशुद्ध, तमुक भाषेला लॉजिक नाही, असले फॉरवर्ड वाचले की मला राग येतो. प्रत्येक भाषेत असे बारीक नियम भरलेले असतात, ते दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नाही.

फक्त हे नियम पोलादी नाहीत. 'द नॉइज गेव्ह मी अ हेडएक' बरोबर आणि 'गेव्ह अ हेडएक टू मी' चूक असं मानलं जायचं, पण घेणारा लांबलचक असला की लोक 'गिव्ज अ हेडएक टू एनीवन हू...' असं बिनधास्त बोलतात. भाषाशास्त्रज्ञ जोन ब्रेस्नन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये टेलिफोनवरच्या संभाषणांतली दोन हजारांहून जास्त खरी वाक्यं तपासली. कोणतं कर्म लांब, कोणतं आधी बोलण्यात येऊन गेलेलं, कोणतं नुसतं सर्वनाम, अशा गोष्टींवरून बोलणारा कुठली रचना निवडेल हे ९० टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखता आलं. छोटं आणि ओळखीचं आधी, लांब आणि नवं नंतर. म्हणजे क्रियापद दोन्ही रचना चालवून घेणारं असेल, तर त्या क्षणी कुठली तोंडून येईल हे बरंचसं कर्मांच्या लांबीवर आणि आधीच्या बोलण्यावर ठरतं.

आणि चौकट आजही नवी क्रियापदं घेतेय, 'व्हॉट्सअॅप मी द फोटो' लोक सर्रास म्हणतात, व्याकरणाच्या पुस्तकाला न विचारता, कारण ते 'ईमेल'च्या गटात बसतं.