औषध आतड्यातून किती झिरपतं? नळीने घेतलेल्या मोजमापाची पार्श्वभूमी

सातपूर-अंबडच्या औषध कारखान्यांत काय, नाशिकच्या फार्मसी कॉलेजांत काय, ‘बीसीएस’चे (औषध किती विरघळतं आणि आतड्याच्या भिंतीतून किती झिरपतं यावरून केलेल्या वर्गीकरणाचे) चार वर्ग सगळ्यांना पाठ असतात. त्यातली विद्राव्यता, म्हणजे विरघळणं, काचेच्या भांड्यात मोजता येते. पारगम्यतेचे, म्हणजे झिरपण्याचे, मूळ आकडे मात्र जिवंत माणसाच्या आतड्यात नळी उतरवून मिळवलेले आहेत. ते कसे मिळाले हे माहीत असल्याशिवाय या आकड्यांचा तक्ता वापरू नये.

मिलर आणि अ‍ॅबट यांनी १९३४ मध्ये दुहेरी पोकळीची नळी लहान आतड्यापर्यंत नेली. विल्सन-वाइजमन यांची, विद्यार्थी आजही करतात ती ‘उलट्या पिशवी’ची पद्धत (प्राण्याच्या आतड्याचा तुकडा आतली बाजू बाहेर करून वापरायचा) १९५४ची. तिच्यात रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ऊती लवकर मरते. १९६६ मध्ये कूपर, फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी तिहेरी पोकळीची नळी आणली. एका छिद्रातून द्रावण सोडायचं, काही अंतरावर पहिला नमुना, त्याखाली दुसरा. या दोन नमुन्यांतला फरक म्हणजे शोषण. अडचण अशी, की वरून पित्त आणि पाचकरस येऊन मिसळतच राहतात.

त्यावर उपाय स्वीडनमधल्या उप्साला इथे निघाला. १९८९ साली क्नुटसन यांच्या गटाने दोन फुग्यांची नळी मांडली आणि लेनरनेस यांनी ती औषधांसाठी वापरली. नळी सुमारे १७५ सेंमी लांब, फुग्यांमध्ये १० सेंमी अंतर. उपाशीपोटी ती गिळवायची, टोकाचं टंगस्टनचं वजन तिला पुढे ओढतं, आणि ती मध्यांत्रात (लहान आतड्याच्या मधल्या भागात) पोहोचली का हे क्ष-किरणाखाली पाहायचं. ती जठरातच गुंडाळली गेली, तर पुढचं सगळं वाया. फुगे हवेने फुगवले, की त्यांच्यामधल्या बंद भागात ३७ अंशांचं, पीएच ६.५चं समपरासारी (रक्ताइतक्याच क्षारांचं) द्रावण मिनिटाला २ ते ३ मिली या वेगाने सोडायचं. स्थिरावस्था (बाहेर येणारे आकडे बदलायचे थांबणं) येईपर्यंतचे नमुने हिशेबात धरायचे नाहीत.

द्रावणात न शोषला जाणारा पीईजी ४००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) हवाच. आतड्याने पाणी शोषलं, तर औषध शोषलं जाऊनही संहती, म्हणजे द्रावणातलं औषधाचं प्रमाण, फारशी उतरत नाही. ही दुरुस्ती पीईजीवरूनच होते. तो बाहेर कमी मिळाला तर फुगा गळतोय असं समजावं.

आता हिशेब. १.७५ सेंमी त्रिज्येची गुळगुळीत नळकांडी धरली, तर क्षेत्रफळ ११० चौ.सेंमी होतं. २ मिलीच्या वेगाने मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या औषधासाठी (पारगम्यता सेकंदाला ०.०००१३४ सेंमी) आत १०० असलेली संहती बाहेर साधारण ६९ येते. अ‍ॅटेनोलॉल या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधासाठी (०.००००२) ९४. म्हणजे अ‍ॅटेनोलॉलचा सगळा निकाल ६ टक्क्यांच्या फरकावर उभा. विश्लेषणात २ टक्के चूक झाली, तर उत्तर एक-तृतीयांशाने हलतं! कमी पारगम्यतेच्या आकड्यांचा विखुरलेपणा इथून येतो. शिवाय आतड्याच्या घड्या आणि रसांकुर (आतल्या भिंतीवरचे बारीक उंचवटे) या हिशेबात नाहीत, म्हणून हा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी थेट ताडू नये.

हेच आकडे १९९५ मध्ये अमिडॉन, लेनरनेस, शाह आणि क्रिसन यांच्या बीसीएस वर्गीकरणाचा पाया झाले.

दोन मर्यादा फार महत्त्वाच्या. मोजलं जातं ते आतड्याच्या पोकळीतून नाहीसं झालेलं औषध, रक्तात पोहोचलेलं नव्हे. व्हेरापामिल हे हृदयाचं औषध झपाट्याने झिरपतं, पण त्याचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात मोडतो. आणि हे आकडे मध्यांत्राचे आहेत. सावकाश औषध सोडणारी गोळी तासन्‌तास मोठ्या आतड्यात राहते. तिथलं शोषण या तक्त्यावरून काढता येत नाही.