कायदा, मानसशास्त्र, समाजशास्त्र : इंग्लंडच्या सिक्स्थ फॉर्ममधील तीन विषयांची पार्श्वभूमी

१९५१ साली शालेय शिक्षणाच्या अखेरीस द्यायची ए-लेव्हल परीक्षा सुरू झाली, तेव्हा ती घेणारी मंडळे बहुतांशी विद्यापीठांशी जोडलेली होती. सोळा ते अठरा वर्षांच्या, म्हणजे ‘सिक्स्थ फॉर्म’मधल्या, मुलांनी काय शिकावे, हे त्यामुळे पदवीच्या वर्गांना काय लागते यावरून ठरत असे. कायदा, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही विषयांची पदवी विद्यापीठे अगदी पहिल्या धड्यापासून शिकवीत आणि शाळेतून काही पूर्वतयारी करून यावी अशी अपेक्षा ठेवीत नसत. साहजिकच शाळांनी हे विषय शिकवावेत, असा आग्रह विद्यापीठांकडून झाला नाही.

मार्ग उघडला तो दुसऱ्या बाजूने. १९५३ मध्ये तंत्रशिक्षणाच्या क्षेत्रातून एक नवे परीक्षा मंडळ उभे राहिले. त्याच्यावर कोणत्याही विद्यापीठाची सत्ता नव्हती आणि त्याचे परीक्षार्थी मोठ्या प्रमाणावर तांत्रिक व स्थानिक महाविद्यालयांतून, अनेकदा नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना येणारे प्रौढ असत. समाजशास्त्राची ए-लेव्हल १९६०च्या दशकात आणि मानसशास्त्राची १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुजली, ती प्रामुख्याने याच मंडळाच्या आश्रयाने. प्रवेशपरीक्षेतून मुले निवडणाऱ्या जुन्या ग्रामर शाळांनी या विषयांकडे बराच काळ पाठ फिरवली. विषय कोणत्या दाराने आत आला आणि तो प्रथम कोणी घेतला, यावरून त्याची पत ठरते. या तिघांना पुढे ऐकाव्या लागलेल्या ‘सोपे विषय’ या शेऱ्याचे मूळ अभ्यासक्रमापेक्षा या दारात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९८८च्या शिक्षण कायद्याने शाळांना राष्ट्रीय अभ्यासक्रम दिला, पण त्यात या तिघांपैकी एकालाही स्थान नव्हते. सोळाव्या वर्षी हे विषय निवडणारी बहुतेक मुले त्यांना पहिल्यांदाच भेटत होती. इतिहास किंवा रसायनशास्त्र घेणाऱ्याला मागील पाच वर्षांचा अनुभव असे, तसा इथे नव्हता. मात्र सोळा वर्षांनंतरचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने हीच गोष्ट सोयीची होती, कारण सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत एखाद्या विषयात कमी गुण मिळालेल्या मुलालाही येथे नवी पाटी मिळत असे. १९९३ पासून ही महाविद्यालये स्थानिक प्रशासनापासून स्वतंत्र झाली आणि त्यांचा निधी विद्यार्थिसंख्येशी घट्ट बांधला गेला. ज्या विषयांना मुले स्वतःहून येत होती ते विषय वाढले. २००० सालच्या फेररचनेनंतर पहिल्या वर्षी चार विषय घेऊन दुसऱ्या वर्षी एक सोडण्याची पद्धत रूढ झाली. तो चौथा, आजमावून पाहण्याचा विषय अनेकदा मानसशास्त्र असे, आणि पुष्कळांनी नंतर तो न सोडता दुसराच एखादा सोडला.

सर्वांत मोठा वाद २०११ मध्ये उभा राहिला. संशोधनावर भर असलेल्या विद्यापीठांच्या एका गटाने विषयनिवडीची मार्गदर्शिका काढली आणि तीत काही विषयांना ‘फॅसिलिटेटिंग’, म्हणजे पुढच्या वाटा सुकर करणारे, म्हटले. गणित, उच्च गणित, इंग्रजी साहित्य, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इतिहास, भूगोल आणि अभिजात व आधुनिक भाषा असे ते विषय होते. आपले तिन्ही विषय यादीबाहेर राहिले. यादीचा निकष साधा होता : पदवीच्या प्रवेशासाठी कोणता विषय सर्वाधिक वेळा अट म्हणून मागितला जातो. मानसशास्त्राच्या पदवीलाच मानसशास्त्राची अट नसेल, तर तो विषय या निकषावर कसा टिकावा? कायद्याच्या पदवीचेही तेच. यादी विषयाची काठिण्यपातळी मोजतच नव्हती. मार्गदर्शिकेचा सल्ला एवढाच होता की पुढे काय करायचे हे निश्चित नसेल, तर यांपैकी दोन विषय घेतल्याने अधिक वाटा खुल्या राहतात.

शाळांनी आणि पालकांनी मात्र ती गुणवत्तेची उतरंड म्हणून वाचली, आणि याचा दोष त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. सरकारनेच शाळांच्या कामगिरीच्या तक्त्यांत एक नवा स्तंभ घातला : किती विद्यार्थ्यांना ए, ए, बी किंवा त्याहून वरच्या श्रेणी मिळाल्या आणि त्यांत किमान दोन विषय या यादीतले होते. प्रवेशासाठी दिलेला सल्ला अशा रीतीने शाळेचे मोजमाप बनला. समाजशास्त्रात ए श्रेणी मिळवणारी मुलगी त्या स्तंभात तिच्या शाळेच्या फारशी उपयोगाची नव्हती. विविध विषयांतील श्रेणींची तुलना करणाऱ्या २००८ मधील एका अभ्यासाने मानसशास्त्र व समाजशास्त्रातील श्रेणी भौतिकशास्त्रापेक्षा सौम्य असल्याचे दाखवले होते, त्याचाही आधार टीकाकार घेत. पण श्रेणी कठोरपणे दिली जाते की सौम्यपणे, आणि विषय विचाराला किती खाद्य देतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्या काळच्या चर्चेत ते सर्रास एकत्र कालवले गेले. सर्जनशील विषय मागे पडत असल्याची ओरड वाढल्यावर २०१९ मध्ये विद्यापीठांच्या त्या गटाने यादी मागे घेतली.

गमतीचा भाग असा की या सर्व वर्षांत मानसशास्त्राची मागणी टिकून राहिली. २०२०च्या दशकाच्या सुरुवातीपासून गणितापाठोपाठ सर्वाधिक विद्यार्थी याच विषयाला बसत आहेत. ही संख्या वर्षाला पाऊण लाखाच्या आसपास असून त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश मुली असतात. विषयाचे स्वरूपही बदलले आहे. २००८ पासूनच्या अभ्यासक्रमांत त्याला विज्ञान मानले गेले, आणि २०१५ मध्ये आलेल्या नव्या रचनेत किमान दहा टक्के गुण गणिती कौशल्यांना राखले गेले. सांख्यिकीय चाचणी निवडणे आणि निकालाची लक्षणीयता तपासणे आता टाळता येत नाही. आपल्याकडे अकरावीत मानसशास्त्र सहसा कला शाखेत बसते. तिथे शाखाच नसल्याने जीवशास्त्र आणि गणितासोबत ते घेणारी मुले सर्रास दिसतात, आणि अनेक विद्यापीठे ‘एक विज्ञान विषय’ ही अट त्यावर पूर्ण झाल्याचे मानतात.

समाजशास्त्राची नवी रचनाही २०१५ मध्येच आली. कायद्याला २०१७ पर्यंत थांबावे लागले. त्याच्या अभ्यासक्रमात न्यायव्यवस्था, फौजदारी कायदा आणि नुकसानभरपाईचा दिवाणी कायदा हे आवश्यक भाग असून, करार किंवा मानवी हक्क यांपैकी एक निवडता येतो. कायदा आणि नीती, कायदा आणि न्याय यांच्या संबंधांवरचे प्रश्नही त्यात येतात. कायद्याच्या पदवीसाठी हा विषय आजही आवश्यक नाही. एकेकाळी काही प्रतिष्ठित संस्था त्याला कमी पसंतीच्या विषयांत धरीत, कारण पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवायचे ते मुले अर्धवट शिकून येतात, अशी प्राध्यापकांची तक्रार असे. हा आक्षेप आता बराच मावळला असला, तरी शाळांतील समुपदेशनात तो अधूनमधून डोके वर काढतो. तिन्ही विषय एकत्र घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी अडचण वेगळीच आहे : तिन्हींत दीर्घोत्तरी लेखन भरपूर असते आणि २०१५ नंतरच्या रचनेत दोन वर्षांचे सर्व पेपर अखेरीस, काही आठवड्यांच्या अंतरात द्यावे लागतात.